रक्ताची साक्ष

मराठी माणूस रक्ताकडून जितकी कामे करून घेतो तितकी शरीरातल्या दुसऱ्या कशाकडूनही करून घेत नसेल. रागाने आपले रक्त खवळते, काळजीने आटते आणि भीतीने गोठते. मुलांच्या शिक्षणासाठी बाप रक्ताचे पाणी करतो, आणि तीच मुले पुढे वाटणीच्या वेळी एकमेकांना रक्ताच्या नात्याची आठवण करून देतात. वीस-बावीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवीत असल्यामुळे हे सारे वाक्प्रचार मला तोंडपाठ आहेत. पण अलीकडे रक्तावर एक नवेच काम येऊन पडले आहे. ते म्हणजे साक्ष देण्याचे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, दवाखान्याच्या भिंतीवर, मोबाईलच्या पडद्यावर अधूनमधून बातमी झळकते, की आता थेंबभर रक्तात स्तनाच्या कॅन्सरची चाहूल लागणार. वाचणारी प्रत्येक बाई क्षणभर थांबते. मीही थांबते. मला तर थांबायला तसेच कारण आहे.

माझी थोरली बहीण, आमची ताई, हिला २०१९ साली हे दुखणे झाले. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन असे सगळे यथासांग पार पडले. केस पुन्हा आले, ती पुन्हा भाजीवालीशी घासाघीस करू लागली, आणि घराने हळूच सुटकेचा श्वास टाकला. मात्र भावोजींचा श्वास काही पुरता सुटला नव्हता. ते विमा कंपनीतले. जोखीम म्हणजे काय ते त्यांना आकड्यांत कळते, आणि बायकोच्या बाबतीत तर माणसाला कोणताच आकडा पुरेसा वाटत नाही. २०२१ च्या दिवाळीआधी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबोरेटरीचे पॅकेज त्यांनी घेतले. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड या मंडळींबरोबर 'ट्यूमर मार्कर' अशीही एक ओळ छापलेली होती. त्यांनी तिच्यापुढे खूण केली. डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली नव्हती, पण प्रेमाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

रिपोर्ट आला. सीए १५-३ नावाच्या पदार्थाची मर्यादा ३० ची लिहिली होती आणि ताईचा आकडा होता ३४. तो जाड ठशात छापलेला होता.

त्या चार अंकांनी आमच्या घराची दिवाळी कशी केली ते काय सांगू! भावोजी रात्री उठून पुन्हा पुन्हा तो कागद पाहत. ताई तोंडाने काही बोलली नाही. पण एके दुपारी मी गेले तेव्हा ती एका वहीत काहीतरी लिहीत बसली होती. पाहिले तर चकलीच्या भाजणीचे प्रमाण, त्याखाली बँकेच्या लॉकरचा नंबर आणि त्याखाली धाकट्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. "अगं, एकदा लिहून ठेवलेलं बरं," ती म्हणाली, "आयत्या वेळी सापडत नाही." मी भाजणी परतायला घेतली. दुसरे काय करणार?

डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी कागद पाहिला आणि शांतपणे विचारले, "ही तपासणी मी सांगितली होती का?" भावोजी म्हणाले, "नाही. पण लवकर कळलेलं चांगलं नाही का?" त्यावर त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आकडा आता डोळ्यांपुढे आला आहे तर त्याचा माग काढावा लागेल, एवढेच त्या म्हणाल्या. ताईचे स्कॅन झाले. कुठे काही निघाले नाही. दोन महिन्यांनी तोच आकडा आपणहून २८ वर आला. कशाने चढला आणि कशाने उतरला ते त्याचे त्यालाच ठाऊक.

हा सीए १५-३ आहे तरी कोण, याचा मी मग पिच्छा पुरवला. आपल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर 'म्यूक-१' नावाचे एक प्रथिन असते. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर ते बहुधा फाजील वाढते आणि त्याचे तुकडे सुटून रक्तात येतात. त्या तुकड्यांचे माप म्हणजे हा आकडा. पण यकृताच्या दुखण्यात तो चढू शकतो. स्तनातल्या साध्या, निरुपद्रवी गाठीनेही चढू शकतो. उलट खरा कॅन्सर अगदी लहान असताना तो पुष्कळदा मर्यादेतच असतो. कॅन्सर शरीरात पसरलेला आहे हे ठाऊक असताना, औषध लागू पडते आहे की नाही याचा अंदाज घ्यायला डॉक्टर इतर तपासण्यांच्या जोडीने त्याचा उपयोग करतात. बऱ्या झालेल्या बाईने दर तीन महिन्यांनी तो काढत बसावा असे मात्र ते सांगत नाहीत. त्याला कारण आहे. १९९४ साली इटलीतल्या दोन मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एकीत १,३२० स्त्रिया होत्या. निम्म्यांच्या ठराविक मुदतीने हाडांच्या, यकृताच्या, छातीच्या आणि रक्ताच्या तपासण्या केल्या. बाकीच्यांना नेमाने डॉक्टरांनी तपासले, वर्षाला मॅमोग्राफी केली आणि काही तक्रार असेल तरच पुढच्या तपासण्या सांगितल्या. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मराठीच्या बाईंना या वैद्यकीत शिरायचे कारण काय? कारण असे, की हा सगळा मामला मला ओळखीचा वाटला. बी. ए. ला संस्कृत घेतले असताना आमच्या गुरुजींनी न्यायशास्त्राची थोडी तोंडओळख करून दिली होती. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. अग्नी डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती त्याची खूण. पण ती खूण खरी केव्हा? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा नेम कधीही मोडत नसेल तेव्हा. तळ्यावर पहाटे उठणाऱ्या वाफेला कोणी धूर समजला, तर तो घागर घेऊन धावेल आणि तळ्यातच पडेल. अग्नी नसलेल्या जागीही जी खूण आढळते तिला नैयायिक व्यभिचारी हेतू म्हणत. शब्द जरा कडक आहे, पण नेमका आहे. आणि दुसरी बाजूही त्यांनी सोडली नव्हती. लोखंडाचा गोळा लालभडक तापलेला असतो. त्यात अग्नी असतो, पण धूर मुळीच नसतो. धूर नाही म्हणून जो हात लावील त्याचा हात भाजणारच. रक्ततपासणीच्या बाबतीत आजचे डॉक्टर जे दोन प्रश्न विचारतात, निरोगी बाईला ती उगाच किती वेळा घाबरवते आणि आजारी बाईला किती वेळा निर्धास्त करते, ते दोन्ही त्या वाफेत आणि त्या गोळ्यात आहेत.

आणि ही वाफ साध्या माणसांनाच फसवते असेही नाही. जर्मनीत हायडेलबर्गचे विद्यापीठ फार जुने आणि मोठ्या नावाचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाने जाहीर केले, की स्तनाचा कॅन्सर रक्तातून ओळखणारी चाचणी तयार झाली आहे आणि लवकरच ती बाजारात येईल. 'बिल्ड' या तिकडच्या खूप खपाच्या वर्तमानपत्राने तिला जागतिक खळबळ ठरवले. चाचणी शंभरांतल्या ७५ आजारी स्त्रिया ओळखते, असे सांगितले गेले. पण निरोगी स्त्रियांचे काय, हे त्या घोषणेत नव्हते, आणि संशोधनाचा निबंधही कुठे छापून आला नव्हता. तज्ज्ञांनी खोदून विचारल्यावर बाहेर आले, की निरोगी स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांनाही ती चाचणी संशयित ठरवीत होती. मी फळ्यावर मांडावे तसे कागदावर मांडून पाहिले. एक हजार बायका धरू आणि त्यांत पाच जणींना खरोखर दुखणे आहे असे समजू. चाचणी त्यांतल्या चौघींना शोधील. पण उरलेल्या ९९५ निरोगी बायकांपैकी साडेचारशेहून अधिक जणींना ती सांगेल, की तुमच्यात काहीतरी आहे. साडेचारशे घरांत साडेचारशे वह्या उघडल्या जातील आणि त्यांत भाजणीची प्रमाणे लिहिली जातील. पुढे रुग्णालयाने माफी मागितली, चौकशीसाठी बाहेरचे लोक नेमले, आणि ती चाचणी काही बाजारात आली नाही.

याचा अर्थ रक्तात वाचण्यासारखे काही नाही असा मात्र नव्हे. प्रथिनांपेक्षा किती तरी बोलकी वस्तू रक्तात तरंगत असते. १९४८ साली फ्रान्समध्ये मांदेल आणि मेते या दोघा संशोधकांना माणसाच्या रक्तद्रवात पेशींच्या बाहेर मोकळी फिरणारी जनुकद्रव्ये सापडली. त्या वेळी त्यांचे करायचे काय ते कोणाला सुचले नाही. आज आपल्याला माहीत आहे, की शरीरातल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. माणसाचा संपूर्ण डीएनए सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, आणि हे तुकडे बहुतेक १६० ते १७० अक्षरांचे. ग्रंथ फाटून एकेका ओळीचे कपटे वाऱ्यावर उडावेत तसे. दोनएक तासांत शरीर ते झाडून टाकते आणि नवे येत राहतात. कॅन्सरच्या पेशी मेल्या तर त्यांचेही कपटे त्यात मिसळतात, आणि त्यांवर त्या गाठीतल्याच चुका असतात.

हे कपटे वाचण्याची युक्ती मोठी कौतुकाची आहे. दंडाला पट्टा बांधून दहा मिलिलिटर रक्त घेतात. ते यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवतात आणि वरचा पिवळसर द्रव काढून घेतात. मग त्यातला डीएनए वेगळा करतात. एका पद्धतीत त्या नमुन्याचे सुमारे २०,००० सूक्ष्म थेंब करतात, म्हणजे एका थेंबात एखादाच तुकडा यावा. मग प्रत्येक थेंबात त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात, आणि हवी ती चूक ज्या थेंबात असेल तो थेंब चमकतो. वीस हजारांत चमकलेले पाच थेंबसुद्धा यंत्र मोजून देते. शुद्धलेखन तपासून माझे डोळे अधू झाले, पण इतके बारीक वाचन कोणी केलेले मी ऐकले नव्हते.

तरीही या वाचनाला एक मर्यादा आहे, आणि ती यंत्राची नव्हे. दहा मिलिलिटर रक्तात कोणत्याही एका जनुकाचे काही हजारच तुकडे निघतात. गाठ वाटाण्याएवढी असेल तर तिचा वाटा हजारात एकही भरत नाही. म्हणजे नळीत तो तुकडा आलाच नसण्याचा संभव असतो. जे पत्र पाकिटात घातलेच नाही ते चांगला चष्मा लावून कसे वाचणार? म्हणून या चाचण्यांनी आपली जागा प्रथम पक्की केली ती पसरलेल्या कॅन्सरमध्ये. तिथे तुकडे भरपूर सापडतात. गाठीत अमुक एक चूक आहे असे रक्तातून कळले तर त्या चुकीवर चालणारे औषध देता येते. ईएसआर-१ नावाच्या जनुकातल्या चुकीवर चालणाऱ्या एका गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा ती चूक शोधणाऱ्या रक्तचाचणीलाही तिच्याबरोबरच मान्यता मिळाली. इथे खुणेच्या मागोमाग उपाय उभा आहे.

तो उभा नसेल तेव्हा काय होते तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांच्या रक्तात गाठीतून सुटलेल्या पेशी मोजल्या गेल्या. ज्यांच्या रक्तात त्या जास्त, त्यांची प्रकृती लवकर ढासळते हे २००४ साली स्पष्ट झाले. मग साहजिकच विचार आला, की पहिल्या केमोथेरपीनंतरही पेशी कमी झाल्या नाहीत तर ताबडतोब दुसरी सुरू करावी. २०१४ मध्ये त्याचा निकाल आला. ज्यांचे औषध लगेच बदलले त्या बायका इतरांहून अधिक जगल्या नाहीत. खूण खरी होती, पण हाताशी असलेले दुसरे औषधही पहिल्याहून सरस नव्हते. भावोजींच्या 'लवकर कळलेलं चांगलं नाही का?' या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. कळणे आणि करता येणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि जाहिरातीत ती एकाच दमात म्हटली जातात.

जाहिरातींवरून आठवले. आपल्या नाशिकच्या एका प्रयोगशाळेच्या अशाच रक्तचाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ब्रेकथ्रू' हा दर्जा दिला. अभिमान वाटण्यासारखीच ही गोष्ट आहे. पण 'ब्रेकथ्रू' म्हटल्याबरोबर आपल्याला किल्ल्याची तटबंदी फुटल्याचा आवाज ऐकू येतो. त्या खात्याच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ एवढाच, की हे उपकरण आशादायक दिसते, तेव्हा त्याची तपासणी लवकर हाती घ्यावी. तपासणी लवकर होणे आणि मान्यता मिळणे यांत अंतर आहे. शब्दाचा अर्थ तो कोणाच्या तोंडी आहे यावर ठरतो, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत असते.

आता पुन्हा डॉक्टरबाईंच्या खोलीत येते, कारण खरी गोष्ट तिथेच घडली. ३४ चा तो कागद बाजूला सारून त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि त्यावर आमचा वंशवृक्ष काढायला घेतला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. ज्याला कॅन्सर झाला त्याची आकृती गडद. ताईचे वर्तुळ त्यांनी भरले. आईला? नाही. मावशांना? नाही. आजीला? नाही. "आणि वडिलांकडे?" आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे पाहू लागलो. वडिलांकडे एक आत्या होती. ती अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेली तेव्हा आम्ही लहान होतो. तिला 'छातीचं दुखणं' होते, असे घरात बोलले जाई. आमची समजूत अशी, की क्षय असावा.

त्या रात्री मी काकूला फोन केला. काकू शहाऐंशी वर्षांची. कान गेले आहेत, पण आठवण शाबूत आहे. मी विचारले, "काकू, आत्याला नक्की काय झालं होतं गं?" पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "अगं, छातीचं म्हणजे तेच. गाठ होती. पण पुरुषमाणसांसमोर बोलायचं कसं? तिनं वर्षभर कोणाला दाखवलीच नाही."

मी पंडित कवींची शृंगारवर्णने वर्गात शिकवते. पयोधर, कुच हे शब्द चाळीस मुलांसमोर उच्चारताना माझी जीभ अडखळत नाही. पण आमच्या घरात स्तन हा साधा शब्द कोणाच्या ओठांवर आला नाही, आणि त्यामुळे एक बाई वर्षभर गाठ लपवीत राहिली. ती गेली, आणि तिच्या मृत्यूचे कारणही 'छाती' या सोवळ्या शब्दाखाली पुरले गेले. शिवाय आत्या पडली सासरची. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची झाली, म्हणून तिचे दुखणे आमच्या घरच्या हिशेबात कोणी धरलेच नव्हते. रक्ताला मात्र गोत्र बदललेले कळत नाही.

डॉक्टरबाईंनी ताईला जनुकांची चाचणी सुचवली. ही चाचणीही रक्ताचीच, पण तिचा प्रश्न अगदी वेगळा. ती गाठ शोधत नाही. जन्मतःच शरीरातल्या सगळ्या पेशींत जे लिहून आले आहे ते ती वाचते. १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी अनेक कुटुंबांचे असेच वंशवृक्ष तपासून दाखवून दिले, की घराण्यात उतरणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले आणि १९९५ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरचे दुसरे. त्यांना बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ म्हणतात. दोघांचेही काम डागडुजीचे आहे. पेशीतला डीएनए तुटला तर तो ही सांधून घेतात. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. 'नयन कमल सरस' अशी ओळ असावी आणि तिसरे अक्षर गळून जावे, म्हणजे 'नयक मलस रस' असे काहीतरी होऊन बसते. एका अक्षराच्या गळतीने पुढचे सारे शब्द भलतीकडे तुटतात, आणि डागडुजी करणारा कारागीर अर्धवटच तयार होतो. स्तनाच्या कॅन्सरपैकी असे घराण्यातून आलेले शंभरांत पाच ते दहाच असतात. पण ज्या बाईत हा दोष आहे तिला ऐंशी वर्षांपर्यंत हे दुखणे होण्याचा संभव शंभरांत सत्तरांच्या घरात जातो. आणि तो आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही येतो.

ताईच्या बीआरसीए-२ मध्ये तसा दोष निघाला. म्हणजे माझ्यात तो असण्याचा संभव रुपयात आठ आणे.

त्यानंतर पंधरा दिवस मी विचार केला. ३४ च्या आकड्याने आमचे काय झाले ते मी पाहिले होते. मग आता मी आपणहून रक्त द्यायला का जावे? पण या खेपेस मला पुढची वाट दिसत होती. दोष निघाला नाही, तर माझी जोखीम चारचौघींसारखी, मग त्यांच्याप्रमाणेच वयाला योग्य त्या तपासण्या मी करीन. निघाला, तर दरवर्षी मॅमोग्राफीबरोबर एमआरआय. शिवाय हाच दोष बीजकोषाच्या कॅन्सरलाही वाट देतो आणि तो लवकर ओळखण्याची भरवशाची तपासणी नाही, म्हणून बीजकोष आणि नलिका काढून टाकण्याचे ऑपरेशन. दोन्ही उत्तरांपुढे काय करायचे ते ठरलेले होते. मी २०२२ च्या जूनमध्ये रक्त दिले. ताईचा दोष नेमका कोठे आहे ते ठाऊक असल्यामुळे माझ्या रक्तात तेवढीच एक जागा पाहायची होती, त्यामुळे खर्चही बराच कमी आला. तीन आठवड्यांनी उत्तर आले. दोष आहे.

मी रडले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण चौथ्या दिवशी मी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि २०२३ च्या मे महिन्यात, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, ऑपरेशन करून घेतले. एमआरआयची तारीख दरवर्षी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहिलेली असते. ती भीती आता नोंदीएवढी झाली आहे.

हे सगळे वाचून कोणा मैत्रिणीने उद्याच रक्त द्यायला धावू नये, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. मुंबईत १९९८ पासून टाटा मेमोरियल रुग्णालयाने एक पाहणी केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया तीत होत्या. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांची स्तनतपासणी करीत. यंत्र नाही, सुई नाही, नुसते शिकलेले हात. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या तपासणीमुळे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हे दुखणे झाले. त्यांतल्या पुष्कळजणी माझ्या आत्यासारख्या उशिराच डॉक्टरपर्यंत पोचल्या असतील. त्यांचे अडले ते प्रयोगशाळेवाचून नव्हे. हाताला लागलेली गाठ तोंडाने सांगता आली असती तर त्यांतल्या किती तरी वाचल्या असत्या.

तेव्हा कोणी रक्ततपासणीचे पॅकेज पुढे केले तर मी आता तीन गोष्टी विचारते. हा प्रश्न नेमका काय आहे? उत्तर 'होय' आले तर मी काय करणार? आणि 'नाही' आले तर माझी नेहमीची तपासणी मी चुकवणार तर नाही ना? तिन्हींचे उत्तर मिळाले तर दंड पुढे करावा. नाहीतर तेच पैसे आणि तोच वेळ चांगल्या डॉक्टरच्या तपासणीला द्यावा.

आमच्या दादाला मात्र हे पटवायला फार वेळ लागला. "मी पुरुष माणूस, मला काय करायचंय?" हे त्याचे पालुपद. मी म्हटले, "दादा, आत्या बाबांचीच बहीण होती ना? आपल्याकडे हे बाबांच्या हातूनच आलं. तुझ्या दोन मुली आहेत." शिवाय हा दोष पुरुषांनाही अगदीच मोकळे सोडत नाही, हे डॉक्टरबाईंनी त्याला समजावले. गेल्या महिन्यात त्याने रक्त दिले. अजून उत्तर यायचे आहे.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला आम्ही सगळे सांगितले आहे, आत्याआजीच्या नावासकट आणि दुखण्याच्या खऱ्या नावासकट. ती म्हणाली, "मग माझं कधी?" सज्ञान होण्याआधी ही चाचणी करीत नाहीत, आणि झाल्यावरही करायची की नाही ते तिचे तिने ठरवायचे आहे. घाई नाही, असे मी तिला सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "आत्याआजीचा फोटो आहे का गं आपल्याकडे?" या सुट्टीत आम्ही दोघी तो जुन्या ट्रंकेत शोधणार आहोत.